मुरमाच्या डंपरमधून आलेला पाहुणा: परकी तणं रस्त्यानं, कालव्यानं आणि नदीनं कशी पसरतात

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय त्यात पुढे असतं आणि आपल्याकडची कॉलेजं, कृषी विज्ञान केंद्रं, ग्रामपंचायती त्यात सामील होतात. मुलं मैदानाच्या कडेचं गवत उपटतात, फोटो निघतो, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच जागी तितकंच गवत पुन्हा उभं असतं. उन्हाळा लागला की नदीत जलपर्णी साचल्याच्या बातम्या सुरू होतात. सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कास पठाराचा फुलांचा हंगाम आला की पठारावर बाहेरची झाडं शिरत असल्याची चर्चा होते. तिन्ही बातम्या पेपरच्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या जातात, त्यामुळे त्यांचं एकमेकींशी काही नातं असेल असं कुणाच्या मनात येत नाही.

नातं आहे. ही झाडं चहूकडे सारखी पसरत नाहीत, ती रेषांवरून जातात. रस्ता, रूळ, नदी, कालवा, मेंढरांची वाट या त्या रेषा. आणि जिथे दोन रेषा एकमेकींना मिळतात तिथे ती मुक्काम ठोकतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत अशा रेषांचं दाट जाळं आहे, आणि गेल्या काही दशकांत आपण त्यात बरीच भर घातली आहे.

परकं झाड आणि आक्रमक झाड

लगेच कुणीतरी म्हणेल, मिरची तरी कुठे इथली आहे? बरोबर आहे. मिरची, टोमॅटो, बटाटा, भुईमूग, मका हे सगळे अमेरिका खंडांतून आलेले. तासगावच्या द्राक्षाचं मूळही इथलं नाही. पण पाणी तोडलं, खुरपणी थांबवली, तर ही पिकं दोन हंगामांत नाहीशी होतील. 'आक्रमक परकी प्रजाती' म्हणजे बाहेरून आलेली, आपल्या मदतीशिवाय जगणारी, स्वतः पसरणारी, आणि पसरताना स्थानिक झाडं, शेती, जनावरं किंवा माणसाच्या तब्येतीला तोशीस लावणारी जात. यापुढे सोयीसाठी तिला नुसतं 'आक्रमक तण' म्हणू.

सगळंच परकं वाईट नसतं, हे आकड्यांतही दिसतं. जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्या आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय मंचाने २०२३ साली अहवाल दिला. माणसाने जगभरात सुमारे ३७,००० प्रजाती त्यांच्या मूळ जागेबाहेर नेल्या आहेत आणि त्यांतल्या ३,५०० हून अधिक घातक ठरल्या आहेत, असं तो सांगतो. वनस्पती आणि प्राणी दोन्ही धरून, ढोबळमानाने दहात एक.

आपल्याकडची ठळक नावं सगळ्यांना माहीत आहेत: गाजर गवत ऊर्फ काँग्रेस गवत, घाणेरी म्हणजे टणटणी, रानमोडी, जलपर्णी, वेडी बाभूळ. पाचही मूळची अमेरिका खंडांतली. तिथे त्यांना खाणारे किडे होते, रोग होते. ते शत्रू मागे राहिले, झाडं तेवढी इकडे आली.

वाऱ्याने आलं म्हणावं तर हिशोब जुळत नाही

गाजर गवत पुण्यात उगवल्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. त्याआधीचेही तुरळक नमुने जुन्या नोंदींत सापडतात, पण त्याचा खरा फैलाव झाला तो यानंतर. अमेरिकेकडून आलेल्या मदतीच्या गव्हात त्याचं बी होतं असं सर्रास सांगितलं जातं. गव्हातून आलं असो वा आधीच असो, प्रश्न पुढचा आहे. ते पुण्यातून बाहेर पडलं कसं?

'वाऱ्याने' हे उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं. बी हलकं असतं हे खरं, आणि एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया येऊ शकतात हेही खरं. पण त्यांतल्या बहुतेक झाडापासून काही मीटरांवरच पडतात. समजा, प्रत्येक पिढी दहा मीटर पुढे सरकली आणि ओल टिकली तर वर्षात चार पिढ्या झाल्या. म्हणजे वर्षाला चाळीस मीटर. पुणे ते सातारा साधारण ११० किलोमीटर. या चालीने गाजर गवत साताऱ्यात पोचायला २,७५० वर्षं लागली असती, सांगलीला त्याच्या दुपटीहून जास्त. प्रत्यक्षात काही दशकांत ते जवळजवळ सगळ्या देशात झालं.

याचा अर्थ तण दोन प्रकारे चालतं. एक सरपटत, आजूबाजूला, मीटर-मीटरने. दुसरं उडी मारत, एकदम पाच-पन्नास किलोमीटर. सरपटण्याचं काम वारा, पाऊस, गुरांचे पाय करतात. उड्या मात्र बहुतेक वेळा आपण मारून देतो.

गर्दी, गाडी आणि रिकामी खोली

गावात बाहेरचं माणूस येऊन राहायचं तर काय काय लागतं? निघायच्या स्टँडवर गर्दी हवी, एसटी हवी, आणि उतरल्यावर भाड्याने रिकामी खोली मिळायला हवी. गाडी रोज येते पण गावात एकही खोली मोकळी नाही, तर माणूस संध्याकाळच्या गाडीने परत जातो. खोल्या भरपूर आहेत पण गाडीच येत नाही, तरी गाव तसंच राहतं.

बियांचंही असंच. निघण्याच्या ठिकाणी बियांची गर्दी लागते, म्हणजे एकदोन नव्हे तर हजारो बिया पुन्हा पुन्हा यायला लागतात. त्यांना वाहून नेणारी गाडी लागते: टायरचा चिखल, नदीचं पाणी, मेंढीचं पोट. आणि उतरल्यावर रिकामी खोली लागते, म्हणजे अशी जमीन जिथली जुनी झाडं उपटली गेली आहेत, माती उघडी पडली आहे, ऊन पोचतं आहे. दाट गवताच्या कुरणात किंवा घनदाट जंगलात बहुतेक बिया येऊनही उपाशी मरतात.

बी वाहून नेणाऱ्या अशा लांबलचक पट्ट्यांना अभ्यासक 'संचारमार्ग' म्हणतात. आपण नुसतं 'वाट' म्हणू. काही वाटा माणसाने केलेल्या, काही निसर्गाच्या. रस्त्याची गंमत अशी की तो गाडीही आहे आणि खोलीही.

साइडपट्टी: सगळ्यात लांब मोकळी जमीन

बर्लिनमधल्या अभ्यासकांनी शहराच्या मोटरवे बोगद्यांत बिया पकडायचे सापळे ठेवले. बोगदाच का? कारण आत झाडं नाहीत, वारा वरून बी आणून टाकत नाही, पक्षी बसत नाहीत. तिथे जे बी पडेल ते गाड्यांनीच आणलेलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात दोनशेच्या आसपास जातींच्या बिया सापडल्या आणि त्यांतल्या निम्म्या जाती त्या भागातल्या नव्हत्या. पुढच्या विश्लेषणात असंही दिसलं की शहरातून बाहेर जाणाऱ्या मार्गिकेत परकी बिया जास्त होत्या. शहर तण बाहेर पाठवतं, आणि रोज पाठवतं. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात कुणी असे सापळे ठेवले तर काय हाती लागेल, याचा विचार करायला हरकत नाही.

टायरच्या खाचांत, चिखलरोधकाच्या आत, चेसिसवर ओला चिखल बसतो. तो वाळला की घट्ट धरून बसतो आणि दूरवर जातो, पुन्हा ओला झाला की सुटतो. म्हणून शेतातून निघालेला ट्रॅक्टर सगळं बी लगेच टाकतो असं नाही, काही पुढच्या गावाला पडतं. कॉसमॉसचं उदाहरण बघा. बागेत लावायचं हे मेक्सिकोकडचं पिवळं-केशरी फूल आता पुणे-सातारा पट्ट्यात रस्त्याकडेने मोकाट वाढलेलं दिसतं. त्याच्या बीच्या टोकाला उलट्या काट्यांच्या दोन बारीक शेंड्या असतात, त्या कपड्यात आणि जनावरांच्या केसांत रुततात. लोक थांबतात, फुलांत उभं राहून फोटो काढतात, गाडीत बसतात, आणि पुढच्या चहाच्या टपरीपाशी पँट झटकतात.

पण माझ्या मते प्रवाशांपेक्षा मोठा गुन्हेगार मुरमाचा डंपर आहे, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. गावाबाहेरच्या खाणीत मुरूम काढून ढीग मारलेला असतो. ढीग एक पावसाळा तिथे पडून राहतो. त्यावर गाजर गवत उगवतं, फुलतं, बी टाकतं. मग काम निघतं. जेसीबी तो ढीग बीसकट उचलतो, डंपर वीस-तीस किलोमीटर नेतो, आणि साइडपट्टीवर पसरून रोलर फिरवतो. बी आणि वाफा एकाच खेपेत पोचले. वर डांबरावरून वाहून आलेलं पावसाचं पाणी त्या पट्टीलाच मिळतं, शेजारी सावली धरणारं झाड नाही, ऊन भरपूर. पुणे-बंगळूर महामार्ग, म्हणजे आताचा राष्ट्रीय महामार्ग ४८, चौपदरी झाला, मग सहापदरीचं काम निघालं. रुंदीकरणात कडेची जुनी वडा-चिंचेची झाडं गेली आणि सलग कित्येक किलोमीटर माती वर्षानुवर्षं उकरलेली राहिली. तणाच्या दृष्टीने शिरवळपासून कासेगावच्या पुढेपर्यंत रिकाम्या खोल्यांची रांगच रांग.

आपल्याकडे आणखी एक वाहतूक आहे जी बर्लिनला नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च उसाच्या ट्रॉल्या, ट्रक आणि बैलगाड्या प्रत्येक शिवारातून कारखान्यावर जातात आणि रिकाम्या परततात. शेकडो गावांच्या बांधावरची माती आणि बिया वजनकाट्याच्या अड्ड्यावर एकत्र येतात आणि तिथून पुन्हा शेकडो गावांना वाटल्या जातात. ऊसतोड टोळ्यांबरोबर बैलं येतात, त्यांचा चारा येतो. यात त्या मजुरांना बोल लावायचं कारण नाही, पोटासाठी काम मिळेल तिथे जावंच लागणारे ते लोक आहेत. पण कारखान्याचा अड्डा हा या सगळ्या जाळ्यातला मुख्य स्टँड आहे, आणि तिथलं तण कुणाच्याच हिशोबात नसतं.

रुळांवरून पसरलेली सोनकीची चुलत बहीण

कासला आणि सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, पावसाळ्याच्या शेवटी सोनकी फुलते. तिच्याच कुळातलं, सेनेसिओ गटातलंच एक पिवळं फूल सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या परिसरातून इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात नेलं गेलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते उद्यानाच्या भिंतीबाहेर उगवू लागलं, पण बरीच वर्षं शहरातच घुटमळत राहिलं. मग एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डला रेल्वे आली. रुळांखालची खडी आणि इंजिनाच्या राखेचा थर या झाडाला जन्मगावच्या ज्वालामुखीच्या खडकासारखाच वाटला. गाड्यांच्या झोतात बी पुढे उडत गेलं आणि रेल्वेच्या आधाराने ते ब्रिटनभर पसरलं. झाड तेच, माती तीच, बी तेच. वाट तेवढी नवी मिळाली.

आपल्याकडे मिरजेला पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर-कुर्डुवाडी अशा चार दिशांचे रूळ मिळतात. पुणे-मिरज मार्गाच्या दुहेरीकरणात नवे भराव झाले, नवी खडी आली. धान्याच्या आणि खताच्या मालगाड्या जिथे रिकाम्या होतात त्या धक्क्यांच्या मागे एकदा पावसाळ्यात फिरून बघा. एखादं अनोळखी झाड जिल्ह्यात पहिल्यांदा दिसायचं असेल तर ते तिथे दिसण्याची शक्यता रानापेक्षा जास्त.

कासच्या सड्याला माती नाही, हेच त्याचं कुंपण

कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटर उंच, वर जांभा खडक, त्यावर कुठे बोटभर तर कुठे वीतभर माती. पावसाळ्यात ती चिखलाने तुडुंब, डिसेंबरनंतर वाळून कडक. मातीत खतावा जवळजवळ नाही. गेंद, सीतेची आसवं, कवला अशी चिमुकली झाडं तिथे टिकतात ती याच हालअपेष्टांमुळे. सीतेची आसवं तर किडे पकडून पोट भरतात, कारण जमिनीत काही मिळत नाही. मोठी, हावरी झाडं इथे येतात आणि उपाशी राहतात. म्हणजे कासवर रिकामी खोली मुळातच नाही.

रस्ता ती खोली बांधून देतो. सातारा-कास-बामणोली रस्ता पठाराच्या अंगावरूनच जातो. त्याच्या कडेला बाहेरून आणलेला मुरूम आणि माती, चरात साचलेला गाळ, पार्किंगचं तुडवलेलं मैदान, खाण्याच्या गाड्यांच्या मागे टाकलेलं खरकटं. जांभ्यावर नसलेली माती आणि नसलेला खतावा या चार जागी आयता मिळतो. म्हणून पठारावर बाहेरचं काय शिरलंय हे तपासायचं असेल तर फुलांच्या गालिच्यात शोधण्यात अर्थ नाही. चरात बघा, पार्किंगच्या कडेला बघा.

यावर एक आक्षेप हमखास येतो: मग पर्यटकच बंद करा. मला ते पटत नाही. पायी चालणारा माणूस काही बिया आणतो हे खरं, पण तो खोली बांधत नाही. खोली बांधते ती बाहेरची माती. पठारावरच्या रस्त्याची डागडुजी तिथल्याच जांभ्याच्या चुऱ्याने करायची आणि खालून एकही मुरमाची खेप वर न्यायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी बरंच साधेल.

नदी एकमार्गी, पण पुरात नव्हे

माणसाच्या आधीपासूनची मोठी वाट म्हणजे कृष्णा. महाबळेश्वरला निघते, माहुलीला वेण्णा घेते, कराडला कोयना, ब्रह्मनाळजवळ येरळा, हरिपूरला वारणा. प्रत्येक संगमावर आणखी एका खोऱ्यातलं बी येऊन मिळतं. नदीची वाहतूक एकाच दिशेची, वरून खाली. त्यामुळे वाईत जे नदीत पडतं त्याची धास्ती सांगलीने घ्यायची असते, उलट नव्हे.

जलपर्णीला वाहत्या पाण्याचं प्रेम नाही. तिला थांबलेलं आणि खतावलेलं पाणी लागतं, आणि ती सोय कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी होते. पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पाणी तुंबतं. त्यात गावांचं सांडपाणी, शेतातून निथळलेला युरिया, कारखान्यांचं पाणी. अनुकूल हवेत जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होते. म्हणजे जानेवारीत एक गुंठाभर दिसली आणि कुणी लक्ष दिलं नाही, तर चार महिन्यांनी ती अडीचशे गुंठे झालेली असू शकते. मग पावसाच्या तोंडावर बरगे काढतात आणि सगळा तराफा पुढच्या बंधाऱ्याकडे रवाना होतो. मधल्या काळात कुणी जेसीबी लावून काढली असेल तर तिचे ढीग बहुतेक वेळा काठावरच टाकलेले असतात. पहिला पूर ते परत नदीत घेऊन जातो. काढण्याचा खर्च झाला, बिल निघालं, झाड पुन्हा पाण्यात.

पूर आला की नदी एकमार्गी राहत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. अशा वेळी फुगवट्याचं पाणी ओढ्या-नाल्यांत उलटं शिरतं, शिवारं ओलांडतं आणि ओसरताना गाळाचा थर सोडून जातं. हा गाळ ओला, उघडा, पोसलेला, आणि खाली असलेलं पीक कुजलेलं. रिकामी खोली, बी, पाणी सगळं एका रात्रीत. पुरानंतरच्या पहिल्या हंगामात मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, रानात नवीनच तण दिसतं ही तक्रार नदीकाठचे शेतकरी करतात, ती खरी असायला सगळी कारणं आहेत.

कालव्याने जोडलेले दुष्काळी तालुके

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा पट्टा कोरडा. तिथे कृष्णाकाठची ओल मागणारी तणं फारशी टिकत नव्हती, कारण गाडीही नव्हती आणि खोलीही नव्हती. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून अशा कोरड्या तालुक्यांत नेलं. पाणी आल्याने तिथल्या माणसाचं आयुष्य बदललं, याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण जी नदी लाखो वर्षं फक्त खाली वाहायची, ती आता डोंगर चढून दुसरीकडेही जाते आणि तिच्याबरोबर बीही जातं. गाजर गवताचं बी पाण्यावर तरंगतं. जलपर्णीचं बी गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतं.

शिवाय कालवा म्हणजे नुसतं पाणी नाही. दोन्ही बाजूंना उकरलेल्या मातीचे भराव, भरावावरून देखभालीचा रस्ता, दर काही अंतरावर फाटा, फाट्यावर चारी, आणि चारीतून थेट शेत. नदी, रस्ता आणि उघडी माती तिन्ही एकाच पट्ट्यात. फाट्याच्या तोंडाशी जिथे पाणी संथ होऊन गाळ बसतो तिथे नवं तण आधी उगवतं. आवर्तन सुटायच्या आधी पाणीवापर संस्थेच्या दोघांनी फाटे बघून घेतले तर काम तासाभराचं आहे. चारी-चारीने शेतात गेल्यावर ते पिढ्यांचं होतं.

मेंढरं, बुलबुल आणि विजेच्या तारा

वेडी बाभूळ चाकाने फारशी जात नाही, पोटाने जाते. तिच्या शेंगा गोड. मेंढ्या, शेळ्या, गुरं आवडीने खातात, आणि टणक कवचाच्या काही बिया पोटातून साबूत बाहेर पडतात, तेही लेंड्यांच्या खतासकट. माणदेशातले धनगरांचे वाडे पाऊसपाण्याप्रमाणे फिरतात आणि शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. ही जुनी आणि शहाणी व्यवस्था आहे. ती मोडा असं म्हणणारा माणूस शेती न केलेला असणार. शेंगा पिकण्याच्या दिवसांत कळप बाभळीच्या पट्ट्यातून आला असेल तर बसलेल्या रानातली रोपं पुढच्या पावसात लहान असतानाच खणून काढायची, इतकंच करायचं. एकदा मूळ खोल गेलं की कुऱ्हाडीने तोडूनही ती फुटते.

घाणेरीची काळी फळं बुलबुल, मैना खातात. कोयनेच्या जंगलात अस्वलंही खातात. पक्षी तारेवर, कुंपणावर, बांधावरच्या झाडावर बसतो आणि तिथेच शिटतो, म्हणून घाणेरी कुंपणाच्या ओळीत उगवते. रानमोडीच्या बीला केसांचा झुबका असतो, ते वाऱ्याने आणि वाहनाने दोन्ही प्रकारे जातं. कोयनेच्या उच्चदाब वाहिन्यांखाली झाडं तोडून मोकळे ठेवलेले पट्टे जंगल चिरत जातात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या आत शिरायला या झाडांना याहून सोपी वाट नाही.

"हिरवं तर आहे ना?" आणि इतर प्रश्न

उघड्या जमिनीपेक्षा घाणेरी बरी, असं म्हणणारे भेटतात. गाजर गवताने अंगावर पुरळ उठतं, काहींना दमा होतो, गुरांनी खाल्लं तर दूध कडू लागतं. घाणेरी विषारी, म्हणून गुरं तिला तोंड लावत नाहीत. माळावरचं पवन्या, कुसळी गवत जाऊन तिथे घाणेरी आली तर डोंगर हिरवा दिसेल आणि चारा विकत आणावा लागेल.

तणनाशक मारून मोकळं का होऊ नये? एका जागी, जाणकाराच्या सल्ल्याने, कधी कधी चालतं. पण कालव्याच्या आणि नदीच्या काठी फवारलेलं औषध पाण्यात जातं. आणि दुसरं असं की तण मेलं की जमीन पुन्हा उघडी पडते. खोली रिकामी केली, भाडेकरू आणला नाही, तर जुनाच परत येणार. मातीत त्याचं बी वर्षानुवर्षं दडलेलं असतं.

मग बाहेरून आणलेले तण खाणारे भुंगेरे? १९८० च्या दशकात गाजर गवत खाणारा भुंगेरा आणि जलपर्णी खाणारे सोंडे भारतात आणून सोडले. ते काम करतात, पण आपल्या वेळेने. गाजर गवतावरचा भुंगेरा पावसाळ्यात जोरात असतो आणि कोरड्या दिवसांत जमिनीत दडून बसतो. कालव्याच्या ओलीवर उन्हाळ्यात वाढणारं गाजर गवत त्याच्या तावडीतून सुटतं. म्हणजे बागायत वाढली तसा भुंगेऱ्याचा उपयोग काही जागी कमी झाला.

सुरुवात कुठून करायची

अमेरिकी संशोधक मूडी आणि मॅक यांनी १९८८ साली गणित मांडून दाखवलं की पसरणाऱ्या तणाच्या मोठ्या पट्ट्याच्या मागे लागण्यापेक्षा दूर दूर उगवलेले छोटे ठिपके आधी संपवले तर फैलाव जास्त रोखला जातो. आपण बरोबर उलटं करतो. जिथे सगळ्यात जास्त दिसतं तिथे श्रमदान ठेवतो, कारण फोटो तिथे चांगला येतो. गावाच्या मैदानातलं गाजर गवत चाळीस वर्षांचं आहे, ते आणखी एक वर्ष थांबलं तर चालेल. पण फाट्याच्या तोंडाशी उगवलेली पाच रोपं, मुरमाच्या ढिगावरची दहा, कारखान्याच्या अड्ड्यामागची वीस, ही थांबू शकत नाहीत.

दुसरी गोष्ट तारखेची. जूनच्या पावसावर उगवलेलं गाजर गवत महिना-दीड महिन्यात फुलावर येऊ शकतं. ऑगस्टच्या सप्ताहापर्यंत बऱ्याच ठिकाणी पहिली फुलं येऊन गेलेली असतात. आपल्या भागात हे काम जुलैतच उरकायला हवं. माणदेशात पाऊस उशिरा, तिथे तारीख पावसावर ठरवावी. साइडपट्टीचं गवत कापणारी यंत्रं आणि मजूरही फुलोऱ्याच्या आधी यायला हवेत. फुलोऱ्यानंतर यंत्र फिरलं की ते पेरणी यंत्र होतं. ठेकेदाराच्या कामाच्या आदेशात मुरूम तणाशिवायच्या ढिगाचा असावा आणि जेसीबी एका जागेवरून दुसरीकडे जाण्याआधी धुवावा, या दोन ओळी घालायला खर्च येत नाही.

उपटल्यावर मोकळ्या जागेत काहीतरी लावावं किंवा पेरावं. कोरड्या भागात तरवड चांगला, पावसाच्या पट्ट्यात टाकळा, आणि दोन्ही गाजर गवताला दाबतात असा अनुभव आहे. हातमोजे घालावेत, नाकावर फडकं बांधावं. फुलं यायच्या आधी उपटलेलं असेल तर कंपोस्ट खड्ड्यात घालायला हरकत नाही. फुललेलं असेल तर तिथेच खड्डा काढून पुरावं किंवा बंद पोत्यात भरावं, उघड्या ट्रॉलीत टाकून गावभर फिरवून नेऊ नये.